सफरचंदांची करंडी

आपल्या घरांत सफरचंद हे फळ खाण्यासाठी जितके विकत घेतले जाते, तितकेच देण्यासाठीही घेतले जाते. आजाऱ्याच्या समाचारास जावयाचे तर पिशवीत चार सफरचंदे असतात. बाळंतिणीला पाहावयास जाताना, मुलाच्या परीक्षेचा निकाल ऐकून पेढे नेणे जमले नाही तर, नाताळात शेजाऱ्याच्या घरी ताट पाठवावयाचे असता, कुसवारांच्या व करंज्यांच्या बाजूस लाल सफरचंद ठेवल्यावाचून ताटास शोभा येत नाही. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर वा हैदराबाद असो, हे फळ आपल्या परसात पिकत नाही. ते दूरच्या थंड डोंगरांवरून येते आणि पाहुण्याचा मान मिळविते.

परंतु वाचकहो, आपण जे सफरचंद दुसऱ्याच्या हाती ठेवतो ते आपल्या हाती येण्यापूर्वीच किती हातांनी एकमेकांस दिलेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. सफरचंदाच्या प्रत्येक जातीस एक नाव आहे आणि बहुतेक नावांच्या मागे एक माणूस, एक झाड व एक देणगी उभी आहे. या लेखात त्यांपैकी काहींची ओळख करून देण्याचा विचार आहे.

बी एक, फळ निराळे

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तम सफरचंद खाऊन त्याची बी पेरली, तर त्याच जातीचे झाड उगवत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींस फळ धरण्यासाठी दुसऱ्या जातीचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी ही आईबापांच्या गुणांचे नवेच मिश्रण असते. एकाच फळातील पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडे होतील, आणि बहुधा पाचांचीही फळे लहान, आंबट वा तुरट निघतील. हजारांत एखादेच झाड असे उगवते की ज्याचे फळ मनुष्याने जपावे.

असे झाड सापडले की ते टिकविण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे कलम. त्या झाडाची डोळा असलेली काडी कापावयाची, ती दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधावयाची आणि दोहोंची साल एकजीव होईपर्यंत वाट पाहावयाची. खालची मुळे परकी, पण वरची फांदी व तिचे फळ मूळ झाडाचेच. म्हणून एका जातीची जगभर पसरलेली लक्षावधी झाडे ही खरे पाहता एकाच झाडाचे अवयव होत. कोकण-गोव्याच्या वाचकांस हे नवे नाही. गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या पोर्तुगीज अमदानीत जेज्वीट धर्मगुरूंनी रुजविली असे मानतात, आणि आजही मानकुराद, मुसराद, हिलारिओ ही नावे त्याच विद्येच्या बळावर जिवंत आहेत.

याचा अर्थ असा की, ज्या जातीची काडी कोणी कोणास देत नाही, ती जात मूळ झाडाबरोबर मरते. येथे साठवून ठेवणारा गमावतो आणि वाटणारा राखतो.

जुन्या जातींच्या कथा

इंग्लंडमध्ये स्वयंपाकासाठी ब्रॅम्ली नावाचे हिरवे, मोठे व अतिशय आंबट सफरचंद घरोघर वापरतात. त्याचे मूळ झाड नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ साली बी पेरून वाढविले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने त्या झाडाच्या काड्या मागितल्या. ब्रॅम्लीने त्या दिल्या, पण फळास माझेच नाव असावे अशी अट घातली. नाव मालकाचे झाले, मेहनत मेरीवेदरची झाली. आणि जिने बी मातीत घातली तिला आपल्या झाडाची कीर्ती कधीच कळली नाही. जगातील पुष्कळशी सत्कर्मे अशीच होतात. लावणाऱ्याचे नाव फळावर राहतेच असे नाही.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. सिडनीजवळ ईस्टवुड येथे मारिया ॲन स्मिथ नावाची वृद्ध शेतकरीण राहत होती. आंबट रानटी सफरचंदांचा टाकून दिलेला चोथा जिथे पडला होता तेथे एक रोप उगवले आणि १८६८ च्या सुमारास त्यास हिरवीगार, टिकाऊ फळे धरली. १८७० साली ती वारली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते झाड जोपासले आणि तिचीच आठवण ठेवून त्यास 'ग्रॅनी स्मिथ', म्हणजे 'स्मिथ आजी', हे नाव दिले. आज आपल्या शहरांतील दुकानांत परदेशातून आलेली जी चकचकीत हिरवी सफरचंदे दिसतात, ती बहुधा या आजीच्या उकिरड्याचीच वंशावळ.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात न्यूटाउन पिपिन ही जुनी जात जन्मास आली. १८३६ ते १८४१ या काळात इंग्लंडमध्ये अमेरिकेचे वकील असलेले अँड्र्यू स्टीव्हन्सन यांनी ही फळे तरुण राणी व्हिक्टोरिया हिला नजर केली आणि ती इतकी आवडली की या फळांवरील आयातकर उठविण्यात आला, असे सांगतात. फळांच्या एका पेटीने जे साधते, ते पुष्कळदा शंभर खलित्यांनी साधत नाही.

चौथी कथा अधिक लांब पल्ल्याची आहे. फ्रान्सचे अमेरिकेतील वकील जेने यांनी टॉमस जेफर्सन यांस सफरचंदाच्या काड्या दिल्या, जेफर्सन यांनी त्या व्हर्जिनियातील राल्स नावाच्या बागवानास दिल्या, आणि त्यापासून 'राल्स जेनेट' ही जात झाली अशी परंपरा आहे. ही जात पुढे जपानात गेली. तेथे फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात १९३९ साली तिचा संकर 'रेड डिलिशस'शी करण्यात आला आणि १९६२ साली 'फुजी' हे नाव धारण करून नवी जात बाजारात आली. आज फुजी ही जगातील प्रमुख जातींपैकी एक आहे. जुने व नवे यांचे भांडण नसून नाते असते हे यावरून दिसेल. जुनी जात कोणी जपली नसती, तर नवीस आईच मिळाली नसती.

आईने पाठविलेली नाताळची भेट

आता आपल्या देशाकडे वळू. हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात १८७० च्या सुमारास कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्याने बुंद्रोल येथे विलायती सफरचंदांची बाग लावली. पण ती फळे बहुतांशी आंबट होती आणि आपल्या लोकांस आंबट सफरचंद रुचत नव्हते.

हे चित्र पालटले ते सॅम्युएल स्टोक्स यांच्यामुळे. फिलाडेल्फियाच्या एका सधन क्वेकर घराण्यात १८८२ साली जन्मलेला हा तरुण १९०४ साली हिंदुस्थानात आला, सुबाथू येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेस लागला आणि पुढे सिमल्यापलीकडील कोटगढ येथे स्थायिक झाला. १९१२ साली त्यांनी तेथील ॲग्नेस नावाच्या पहाडी ख्रिस्ती मुलीशी विवाह केला. डोंगरी शेतकऱ्यांचे दारिद्र्य ते रोज पाहत होते. धान्याच्या तुटपुंज्या पिकावर त्या उतारांवरील कुटुंबांचे पोट भरत नव्हते. शोध करता करता त्यांना आपल्या मायदेशातील 'डिलिशस' या गोड, लाल जातीची माहिती मिळाली आणि १९१६ साली त्यांनी तिची रोपे आपल्या बागेत लावली.

या 'डिलिशस'चीही कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील आयोवा संस्थानातील पेरू या गावी जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत रांगेबाहेर एक रोप उगवले. त्याने ते छाटले, ते पुन्हा फुटले. पुन्हा छाटले, पुन्हा फुटले. तेव्हा त्या हट्टी रोपास जगू देण्याचे त्याने ठरविले. १८९३ साली त्याची फळे मिसुरीतील स्टार्क बंधूंच्या फळस्पर्धेत गेली आणि त्यांस 'डिलिशस' हे नाव मिळाले. त्याच स्टार्क बंधूंनी १९१४ साली वेस्ट व्हर्जिनियातील एका शेतावरचे पिवळ्या सफरचंदाचे झाड पाच हजार डॉलरांस विकत घेतले आणि काड्यांची चोरी होऊ नये म्हणून त्याभोवती पिंजरा उभारला. तेच 'गोल्डन डिलिशस'.

पिंजऱ्यातल्या त्या झाडाची संतती कोटगढला पोहोचली ती मात्र भेट म्हणून. १९२१ साली स्टोक्स यांच्या आईने अमेरिकेहून मुलास नाताळची भेट पाठविली. ती होती गोल्डन डिलिशसची रोपे. तेच वर्ष स्टोक्स यांच्या कसोटीचे होते. डोंगरी लोकांकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या बेगारीविरुद्ध त्यांनी लढा दिला होता, असहकाराच्या चळवळीत उडी घेतली होती, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारने त्यांस अटक करून तुरुंगात टाकले. पुढे १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले आणि १९४६ साली ते निवर्तले. त्यांच्या धर्मविषयक निर्णयाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांनी रोपे स्वतःपुरती ठेवली नाहीत ही गोष्ट कोटगढचे लोक विसरले नाहीत. शेजाऱ्यांस त्यांनी रोपे दिली, लागवड शिकविली, जे कचरत होते त्यांचे मन वळविले. आज हिमाचलाच्या डोंगरांवर जी बागाईत उभी आहे, जिच्यावर असंख्य कुटुंबांचे संसार चालतात, तिच्या मुळाशी एका आईची भेट व एका मुलाची उदारता आहे.

काश्मीरची अंबरी

परंतु देणगीतून दुसरे एक नुकसानही घडते. काश्मीरात 'अंबरी' नावाची एक प्राचीन जात आहे. तिचे फळ किंचित लांबट, हिरवट-पिवळ्या अंगावर तांबूस रेघा असलेले. दिसावयास ते डिलिशसइतके देखणे नाही. पण त्याचा सुगंध खोलीभर दरवळतो आणि विशेष काळजी न घेताही ते हिवाळाभर टिकते. ज्या काळी शीतगृहे नव्हती त्या काळी अंबरी हीच काश्मीरची शान होती.

डिलिशस आली आणि अंबरी मागे पडली. कारणे समजण्यासारखी आहेत. अंबरीचे झाड फळास येण्यास पुष्कळ वर्षे लावते. डिलिशस लवकर फळते, भरपूर देते आणि तिचा लाल रंग ग्राहकाच्या डोळ्यांत भरतो. मुलीचे लग्न व मुलाचे शिक्षण ज्याच्या पुढे उभे आहे त्या शेतकऱ्याने लवकर पैसा देणारे झाड निवडले तर त्यास दोष कोण देईल? मात्र परिणाम असा झाला की, अंबरीच्या बागा कमी कमी होत गेल्या. काश्मीरातील संशोधकांनी डिलिशस व अंबरी यांच्या संकरातून 'लाल अंबरी' आणि अंबरी व गोल्डन डिलिशस यांच्यापासून 'सुनहरी' या जाती निर्माण केल्या, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही ज्याची मागणी नाही ते पीक टिकत नाही. अंबरीचे भवितव्य जितके बागवानाच्या हाती आहे, तितकेच नाव विचारून फळ घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्याही हाती आहे.

गंमत अशी की, डिलिशसवरही तीच पाळी आली. रंग अधिक लाल, साल अधिक जाड व चकचकीत, अशी निवड करता करता तिची चव हरवत गेली. २०१८ साली अमेरिकेतील सफरचंद व्यावसायिकांच्या संघटनेने असा अंदाज जाहीर केला की, त्या देशातील उत्पादनात डिलिशसचा पहिला क्रमांक आता 'गाला' ही जात घेईल. बाह्य रूपासाठी आतले सत्त्व घालविल्यास काय होते, याचे हे उदाहरण फळापुरतेच समजू नये.

दाखाऊच्या छावणीतील धर्मगुरू

सफरचंदांविषयी लिहिताना बव्हेरियातील फादर कोर्बिनियन आयग्नर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८८५ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या व १९११ साली गुरुदीक्षा मिळालेल्या या धर्मगुरूंस फळझाडांचा विलक्षण नाद होता. धर्मग्रामाचे काम सांभाळून ते गावोगावच्या बागाईतदारांस मार्गदर्शन करीत आणि प्रत्येक जातीचे फळ पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रंगवून ठेवीत.

१९३९ च्या नोव्हेंबरात हिटलरवर बॉम्बहल्ल्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर शाळेत पाचवी आज्ञा शिकविताना, हल्लेखोराचा बेत साधला असता तर कदाचित असंख्य जीव वाचले असते, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. कोणीतरी चुगली केली. अटक, शिक्षा, सॅक्सनहाउझेनची छावणी, आणि १९४१ साली दाखाऊ, असा त्यांचा प्रवास झाला. दाखाऊत शेकडो धर्मगुरू कैदेत होते. आयग्नर यांस छावणीच्या शेतावर राबावे लागे. तेथे, दोन बराकींच्या मधल्या जागेत, त्यांनी सफरचंदाच्या बिया पेरल्या आणि त्यांतून नव्या जाती वाढविल्या. छळछावणी या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरांवरून त्यांनी त्यांस एक ते चार असे क्रमांक दिले. ती रोपे गुप्तपणे छावणीबाहेर पोहोचविण्यात आली.

जेथे माणसास नावाऐवजी क्रमांक होता, जेथे उद्याचा दिवस दिसेल याची शाश्वती नव्हती, तेथे हा मनुष्य असे झाड लावीत होता की ज्याचे फळ येण्यास वर्षे लागतात. आशा या शब्दाचा अर्थ शिकविताना याहून सोपा दाखला मिळणे कठीण.

१९४५ च्या एप्रिलात कैद्यांस दक्षिणेकडे पायी हाकलले जात असता ते निसटले, एका मठात लपले आणि युद्ध संपल्यावर आपल्या धर्मग्रामी परतले. छावणीतील अंगरखा ते पुढे बागकाम करताना वापरीत आणि १९६६ साली मृत्यू आला तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्याच अंगरख्यासह त्यांस मूठमाती देण्यात आली. त्यांनी रंगविलेली सुमारे नऊशे चित्रे म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात जतन केलेली असून, २०१२ साली कासेल येथील सुप्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांतील पुष्कळ चित्रे मांडण्यात आली. चार जातींपैकी तिसरी टिकून राहिली. १९८५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, तिला 'कोर्बिनियन सफरचंद' असे नाव देण्यात आले. क्रमांकास नाव मिळाले.

देता येते ते आणि येत नाही ते

नव्या जातींविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. १९३० साली अमेरिकेत वनस्पतींच्या नव्या जातींस पेटंट देण्याचा कायदा झाला. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली प्रसिद्ध केलेले 'हनीक्रिस्प' किंवा वॉशिंग्टन संस्थानच्या विद्यापीठाने तिच्यापासून निपजवून २०१९ साली बाजारात आणलेले 'कॉस्मिक क्रिस्प' ही वर्षानुवर्षांच्या संशोधनाची फळे आहेत. ती रसाळ व कुरकुरीत आहेत आणि पुष्कळ दिवस टिकतात. संशोधकाच्या श्रमांचे मोल त्यास मिळावे हे न्याय्यच होय. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे. परंतु पेटंटाची मुदत असेतोवर अशा झाडाची काडी शेजाऱ्यास देता येत नाही. फळ देता येते, झाड देता येत नाही. जुन्या जातींस असे कुंपण नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ब्रॉग्डेल येथे दोन हजारांहून अधिक जातींची सफरचंदे राष्ट्रीय संग्रह म्हणून राखली आहेत. त्यांतील कोणती जात उद्या एखाद्या रोगास वा वाढत्या उष्णतेस तोंड देण्यास कामी येईल, हे आज कोण सांगणार?

उष्णतेचा प्रश्न आपल्याशीही संबंधित आहे. डिलिशससारख्या जातीस हिवाळ्यात सुमारे हजार तास कडक थंडी लागते. ती न मिळाल्यास मोहोर नीट येत नाही. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याच्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी आपल्या परसात टाकलेल्या बियांतून १९९८-९९ च्या सुमारास उगवलेले एक रोप जपले. त्या सखल, उष्ण भागातही त्यास फळ धरले. 'एचआरएमएन-९९' या नावाने ती जात आज अनेक राज्यांतील शेतकऱ्यांकडे पोहोचली आहे, आणि २०२५ साली शर्मा यांस पद्मश्री जाहीर झाली. या जातीमुळे बेळगाव वा नाशिककडे काश्मीर अवतरेल असे मानू नये. परंतु स्मिथ आजीच्या उकिरड्याची कथा आपल्याच देशात, आपल्याच काळात पुन्हा घडली, हे मात्र खरे.

करंडी भरताना

शेवटी गृहिणींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. भेटीची करंडी भरताना सगळी फळे एकाच जातीची न घेता तीन-चार जातींची घ्यावी : खाण्यास गोड म्हणून हिमाचली रॉयल अथवा गोल्डन, आंबटगोड मुरंब्यासाठी काश्मीरची महाराजी, आणि मिळाली तर सुगंधासाठी अंबरी. दुकानदारास जातीचे नाव अवश्य विचारावे. चार ग्राहकांनी विचारले की पाचव्या वेळी तो स्वतःच चौकशी करून माल आणतो. फळ हातास जड व घट्ट लागावे. केवळ चकाकी पाहू नये, कारण ती पुष्कळदा वर दिलेल्या मेणाची असते. प्रत्येक फळ तपासावे, कारण एक नासके फळ सारी करंडी नासविते, ही म्हण नसून शास्त्र आहे : पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलिन नावाचा वायू निघतो व तो शेजारच्या फळांस लवकर पिकवितो. म्हणूनच सफरचंदे पालेभाजीजवळ ठेवू नयेत; उलट कच्ची केळी पिकवावयाची असल्यास त्यांत एक सफरचंद खुशाल ठेवावे.

आणि करंडीसोबत एक चिठ्ठी ठेवावी. तीत कोणत्या फळाचे काय नाव व त्याची काय कथा, हे दोन-दोन ओळींत लिहावे. घरातील मुलांकडून ती लिहून घेतल्यास अधिक चांगले.

ज्यांच्या परसात सफरचंद नाही, त्यांच्याकडे जुन्या आंब्याचे, फणसाचे, चिकूचे वा पेरूचे एखादे झाड असतेच. आजोबांनी लावलेल्या त्या झाडाचे फळ शेजारी वाखाणतात, पण त्याची कलमे बांधण्याचे मात्र राहून जाते. घराची वाटणी होते, नवी इमारत उठते, झाड तोडले जाते आणि त्याबरोबर ती चव पृथ्वीवरून कायमची जाते. यंदा पाऊस लागला की जाणत्या माळ्यास बोलावून त्या झाडाची चार कलमे बांधून घ्यावी. एक आपल्यासाठी ठेवावे आणि तीन देऊन टाकावी. पुढे आपले झाड वठले, तर त्या तिघांपैकी कोणाच्या तरी दारातून काडी परत मागून आणता येईल.